सात देशांचा पिचर आणि आमची पंधरावी ओळ

रविवार, १८ मे. चँडलर, ॲरिझोना. सकाळी आठला ८१ अंश फॅरनहाइट, आभाळ कोरं, वारा नाही. सिझन काल संपला.

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. ते गॅरेजमधल्या खोक्यांसारखे साठतात. टाकून द्यायला म्हणून एखादं उघडावं, तर तिथेच बसून तासभर जातो! माझ्या चार वह्या आमच्या बेसबॉल टीमने भरल्यात. टीम म्हणजे चाळिशीपुढचे चौदा मराठी इंजिनियर. मी त्यांचा स्कोअरर, लायब्ररीतल्या पुस्तकावरून शिकलेला. आणि कोच डेल, वय एकसष्ट. हा गृहस्थ एकोणीस वर्षं सात देशांत पिचिंग, म्हणजे आपली बोलिंग, करत फिरला आणि एकाही क्लबने त्याला दुसऱ्या सिझनला ठेवलं नाही. डेल बोलतो अर्थातच इंग्रजीत. वहीत मी त्याचं मराठी करतो.

*

इटलीत डेलचा कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपर, गावचा न्हावी होता. मॅच शनिवारी, आणि धंद्याचा दिवसही शनिवारच. मग गिऱ्हाइकं मैदानावरच यायची. आपली बॅटिंग चालू असली की हा बाकामागे एकेकाची दाढी उरकायचा. एकदा साबण लावून झाला आणि इनिंग संपली. गिऱ्हाईक अर्धा तास फेसासकट बसून राहिलं, वर ओरडून डेललाच म्हणालं, "लवकर आउट कर रे, वाळतंय!"

"टीम किती मॅचेस जिंकली?" मी पेन सरसावून विचारलं.

"चार. पण हरलो त्या सगळ्या गुळगुळीत दाढीने हरलो!"

*

तैवानमध्ये प्रत्येक बॅटरचं स्वतःचं गाणं असतं. तो खेळायला आला की स्टँडमधला बँड ते वाजवतो. समोरच्या टीमच्या एका जाड्या बॅटरचं गाणं डेलला इतकं आवडलं, की तो मनात गुणगुणायला लागला आणि त्याचा हातही त्याच ठेक्यावर फिरायला लागला. चेंडू कधी सुटणार हे जाड्याला आधीच कळायचं. तीनदा चेंडू मैदानाबाहेर, तीन होमरन!

"मग लक्षात कधी आलं?"

"मला नाहीच आलं. मॅनेजरला आलं, तो मैदानात येऊन मला काढून गेला. मी बाहेर जाताना बँडवाल्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या."

*

आता आमचे प्रताप. पहिल्या मॅचला प्रशांतने झकास फटका मारला. बेसबॉलमध्ये बॅट टाकून पळायचं असतं. स्टँडमधून त्याची मुलगी जीव तोडून ओरडत होती, "बाबा, ड्रॉप द बॅट!" पण सांगलीत पंधरा वर्षं क्रिकेट खेळलेला माणूस! बॅट घेऊन पळाला, शेवटी लांब होऊन पायाऐवजी ती बेसच्या गादीवर टेकवली आणि समाधानाने उठून पँट झटकली. फर्स्ट बेसवाल्याने शांतपणे येऊन त्याच्या पाठीला चेंडू लावला. आउट!

"यार, बॅट आत होती ना!" प्रशांत अंपायरशी भांडतोय.

डेल डोक्याला हात लावून म्हणाला, "सात देशांत बेसवर उडी मारणारे पाहिले, पडणारे पाहिले. झाडून काढणारा पहिलाच!"

*

एप्रिलमध्ये प्रशांतची आई आली. फोल्डिंग खुर्ची टाकून तिने डेलची सगळी हकिगत ऐकून घेतली आणि मुलाला म्हणाली, "विचार त्याला, बदलीची नोकरी होती का?"

प्रशांतने विचारलं.

"हो, मॅडम," डेल म्हणाला. "फक्त ऑर्डर यायची नाही. सकाळी लॉकरवर दुसऱ्याचं नाव दिसायचं."

"मग इथे तरी कायम करून घ्या की रे त्याला!"

ते आमच्या हातात होतं कुठे? शेवटचा नंबर आला तर टीम लीगबाहेर, हा नियम. टीम नाही तर कोच कशाला? नेदरलँड्सच्या एका क्लबने डेलला विचारलं होतं. पण इथे त्याने आयुष्यातला पहिला सोफा विकत घेतला होता. "मला आता बॅग भरायची नाही," एवढंच तो बोलला. आणि शेवटच्या मॅचच्या आदल्या दिवशी टेबलात आम्ही सर्वांत खाली. जिंकलो तरच राहणार.

*

ती मॅच काल झाली. शेवटची इनिंग, आम्ही ८-७ पुढे, समोरचे दोन आउट, तिसरा झाला की मॅच आमची. आणि पिचिंग करता करता प्रशांतचा खांदा गेला! दुसरा पिचर नाही. अंपायरने खेळाडूंची यादी मागितली. फॉर्मवर पंधरा ओळी होत्या आणि आम्ही चौदा. रिकामी ओळ मला बघवत नाही, म्हणून जानेवारीत मी पंधरावीत डेलचं नाव घातलं होतं. वय चाळीसच्या वर, नियमात बसतं. डेलने यादी बघितली, माझ्याकडे बघितलं, ग्लव्ह उचलला. जाता जाता लाइनअपचा कागद माझ्या हातात कोंबून म्हणाला, "आता मॅनेजर तू."

पहिल्या तिघांना मिळून जेमतेम एक धड चेंडू पडला. चार-चार वाइडवर तिघेही फुकटात बेसवर. बेस भरले. चौथ्याला तीन बॉल, म्हणजे वाइड, आणि दोन स्ट्राइक, म्हणजे धड; आणखी एक वाइड की बरोबरी. मी टाइम मागितला आणि चालत मैदानाच्या मधोमध गेलो.

मी पोचताच डेलने चेंडू माझ्या तळहातावर ठेवला, टोपी काढली आणि बाहेर चालू लागला.

"अरे, कुठे निघालास?"

"मॅनेजर इथपर्यंत आला की मी निघायचं असतं."

"मी विचारायला आलोय. पहिल्या तिघांना मिळून तू बारा चेंडू टाकलेस की तेरा? वहीत एक हुकलाय."

तो मागे वळला आणि टोपी परत डोक्यावर चढवली.

"तेरा."

"थँक यू," म्हणून मी चेंडू परत दिला आणि जागेवर येऊन तेरावा लिहिला.

पुढचा चेंडू बॅटरने सरळ मारला. तो डेलच्या नडगीवर आदळून उडाला आणि जमिनीला न टेकता फर्स्ट बेसवर उभ्या आमच्या नितीनच्या ग्लव्हमध्ये गेला. तिसरा आउट. ८-७.