मावशींच्या डब्याचं ॲप

बीडमध्ये मी छोट्या धंदेवाल्यांना वेब ॲप करून देतो. प्ले स्टोअरची भानगड नाही. लिंक उघडायची, फोनवर चिन्ह घ्यायचं, की धंदा गिऱ्हाइकाच्या खिशात. त्यातलं जीव लावून केलेलं काम म्हणजे मावशींच्या डब्याचं.

मावशी मूळच्या नेकनूरकडच्या. नवरा गेल्यावर लेकीला घेऊन शहरात आल्या आणि डबे करू लागल्या. लेक पुढं नोकरीला पुण्याला गेली, त्या इथंच राहिल्या. परीक्षांचा अभ्यास करणारी, खोल्या करून राहणारी पोरं त्यांची गिऱ्हाइकं. मी आणि माझा रूम पार्टनरही त्यातलेच. डबे रिक्षानं पोचायचे, त्यामुळं त्यांचं घर फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं.

ॲप सुरू झालं आणि डबे वाढत गेले. मग गिऱ्हाइकं विचारू लागली, स्वयंपाकघर दाखवा. मावशींनी फोटो काढून पाठवला. घासून लख्ख केलेला ओटा, उतरंडीसारखे रचलेले डबे, आणि मागं भिंतीवर बुद्धाची तसबीर. भिंतीकडची बाजू जरा कापू का, असं मी फोनवर विचारलं.

"काहून?" त्या म्हणाल्या. म्हणजे ओटा मोठा दिसेल, असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "घर माझं हाय. जसं हाय तसं दिसू दे."

मी फोटो तसाच लावला.

आठवडाभरात डबे बंद होऊ लागले. बंद करताना कारण निवडायची सोय मीच ठेवली होती. कुणी 'तब्येत बरी नाही' निवडलं, कुणी 'गावी जातोय'. मावशींना आधी वाटलं, भाजीत तेल जास्त पडतंय. त्यांनी तेल कमी केलं.

एका दुपारी खोलीत लॅपटॉपवर काम करत होतो. यादीत नवं नाव आलं: माझ्या रूम पार्टनरचं. कारण, 'गावी जातोय'. तो समोरच्या कॉटवर फोन हातात घेऊन बसला होता.

कधी चाललास, असं मी विचारलं. त्यानं फोन उशीखाली सरकवला.

"घरी कळलं तर लई अवघड होईल बे," तो म्हणाला. "तू समजून घे."

टायफॉइडमध्ये मावशींनी पाठवलेल्या पातळ खिचडीवर तो उभा राहिला होता. त्यालाही ते आठवत असणार.

मी मावशींकडं गेलो. डबे का बंद होतायत, हे त्यांच्या कधीच ध्यानात आलं होतं. कणीक मळून ठेवली होती, पण तवा चढवला नव्हता. फोटो काढून टाकू, नाव बदलू, नवी लिंक करू, एका दिवसाचं काम आहे, असं मी भराभर सांगत गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आन् मी कोण म्हनून करू?" एवढंच त्यांनी विचारलं.

उरलेल्या चार-पाच पोरांसाठी त्या काही दिवस रांधत राहिल्या. मग ॲप बंद कर म्हणाल्या. मी त्यांच्या ओट्याशी उभा राहूनच ते बंद केलं. त्या शेजारी उभ्या राहून बघत होत्या.

आता त्या लेकीकडं असतात, पुण्यात एका मेसमध्ये स्वयंपाकाला जातात. मध्यंतरी फोन केला, तर बरं चाललंय म्हणाल्या.

"हितं कुनी इचारत न्हाई." मग म्हणाल्या, "मीबी सांगत न्हाई."