सिद्ध कुणी केला?

ऋचा, नील, परवा फोनवर तुमचं भांडण ऐकलं. नील म्हणत होता, स्ट्रिंग थिअरी म्हणजे विश्वाचं अंतिम सत्य. ऋचा म्हणत होती, पुरावा दाखव. असंच भांडण कोल्हापुरात आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये झालं होतं, ऐंशीच्या दशकात. त्यात चूक माझी होती. तिथले शिकलगार सर तुम्हाला ठाऊक नाहीत, म्हणून लिहून ठेवते.

सर पदार्थविज्ञान शिकवायचे, मी इंग्रजी. ते मूळचे गडहिंग्लजचे. वडील सुऱ्या-कात्र्यांना धार लावत. सर पेन्सिलीला टोक काढत आणि रेघ ओढून बघितल्याशिवाय ती खिशात ठेवत नसत. म्हणत, "आमच्या अब्बांनी सुरीला धार हाय म्हणून कधी सांगितलं न्हाय, बाई. कागद कापून दाखवायचे. मग गिऱ्हाईकच बोलायचं."

सूक्ष्मातले सूक्ष्म कण म्हणजे ठिपके नसून थरथरणारे तंतू आहेत, ही स्ट्रिंग थिअरीची मांडणी तेव्हा नवीन गाजत होती. लायब्ररीत उशिरा येणारी परदेशी मासिकं वाचून सर भारावले होते. निवृत्तीच्या वर्षी कॉलेजने त्यांचं जाहीर व्याख्यान ठरवलं. इतक्या वर्षांतलं पहिलंच. निमंत्रणाचा मराठी मजकूर मी केला: 'तंतूंचा सिद्धांत'. थिअरी म्हणजे सिद्धांत. शब्दकोशात तसंच होतं.

छापून आलेलं कार्ड सरांनी दोनदा वाचलं.

"बाई, सिद्ध कुणी केला?"

"काय?"

"ह्यो सिद्धांत. गणित लई देखणं हाय, मान्य. पण एक तरी प्रयोग झालाय व्हय? तंतू बघंल असं यंत्र न्हाय. ज्याला अजून कुणी तपासलं न्हाय, त्याला सिद्ध म्हणायचं, आणि ते माझ्या नावाखाली?"

त्यांनी 'कल्पना' हा शब्द सुचवला. प्राचार्य उखडले. "कल्पना? कविसंमेलन आहे का सर? कोण येणार ऐकायला? कार्ड आहे तसंच जाईल, नाहीतर व्याख्यान रद्द."

"मग रद्द करा की," सर म्हणाले. आवाज न चढवता त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. त्या व्याख्यानाची टिपणं ते चार महिने काढत होते.

मी प्राचार्यांना म्हटलं, "चूक माझी आहे. कार्डं मी हाताने दुरुस्त करते." ते निघून गेले. सरांनी शेजारी खुर्ची ओढली. ते 'चा सिद्धांत' खोडायचे, मी वर 'ची कल्पना' लिहायचे. दुपारचे दोन्ही तास गेले. सगळा गठ्ठा टेबलावर ठेवला तेव्हा प्राचार्य एवढंच म्हणाले, "वाटा आता."

सभागृह निम्मं भरलं. सर तासभर त्या तंतूंवर असे बोलले की फळ्यावर ते हलताहेत असं वाटावं. शेवटी एका मुलीने विचारलं, "सर, म्हणजे हे खोटं आहे का?"

"खोटं म्हणालो व्हय मी? धार लावणं चाललंय. अजून कागद कापलेला न्हाय. तू कापून बघ की!"

ती हसली नाही. वहीत लिहून घेतलं.

सर जाऊन बरीच वर्षं झाली. ऋचा, तू मागितलास तो पुरावा अजूनही आलेला नाही. दुरुस्त केलेलं एक कार्ड माझ्या शब्दकोशात 'थिअरी'च्या पानात आहे. सरांनी मारलेली रेघ त्यावर स्पष्ट दिसते.