तणकाकी आणि चोरटा

तणकाकीला बस म्हटलं की ती आधी त्या जागेवरचं गवत उपटायची. जागा कोणाची, प्रसंग कोणता, याच्याशी तिला देणंघेणं नसे. माझ्या दादाच्या लग्नात नवं कोरं लुगडं नेसून ती मांडवाच्या खांबांभोवती उकिडवी फिरली आणि अक्षता टाकताना तिच्या मुठीत तांदळाबरोबर हरळीही होती. एकदा पाहुण्यांना जव्हारला शिरपामाळ दाखवायला नेलं, तर काकीही जीपमध्ये चढून बसली. आम्ही वर फोटो काढत होतो आणि ही खाली पायऱ्यांच्या फटी साफ करत होती. कोणा पर्यटकांनी तिला तिथली कामगार समजून पाणी कुठे मिळेल ते विचारलं. तिनं ते सांगितलं, आणि पायऱ्यांवर गवत माजलंय म्हणून वर त्यांनाच झापलं.

खोडाळ्याला आमच्या शेजारचं घर तिचं. आमच्याकडे भातातलं तण काढायला बेणणी म्हणतात, आणि बायका आळीपाळीनं एकमेकींच्या शेतात जाऊन ती करतात. सगळ्या रांगेनं पुढे सरकायच्या आणि काकी रांगेच्या मागून यायची, राहिलेलं काढत. "आगं, डोलं घरी ठेवून आलीस का?" हे वाक्य गावातल्या प्रत्येक सुनेनं एकदा तरी ऐकलेलं. तिच्या हाताखालून गेलेल्या शेतात दुसऱ्यांदा उतरावं लागत नसे, म्हणून कोणी रागवायचं नाही.

भातात एक गवत येतं. पान तसंच, उंची तशीच, लोंबी बाहेर पडेपर्यंत पत्ता लागू देत नाही, आणि तोवर भाताचं खत खाऊन बसलेलं असतं. काकी त्याला 'चोरटा' म्हणायची. बुडाशी दोन बोटं लावली की तिला तो कळायचा. मला ते कधीच जमलं नाही. मी चार रोपं उपटली तर तीन भाताची निघायची. मी मोखाड्याला सरकारी कचेरीत कारकून, त्यामुळे ती मला 'सायब' म्हणायची. "सायब, तुमी हाफिसातच बरं. तिथं काय पण उपटला तरी कोनाचा भात जात नाय."

तिशी ओलांडली आणि मला रक्ताचा कॅन्सर निघाला. मुंबईला उपचार झाले, मग दादाच्या मूळपेशी मला दिल्या. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. प्रत्येक पेशीच्या अंगावर ओळखीच्या खुणा असतात, अर्ध्या वडिलांकडून आलेल्या, अर्ध्या आईकडून. दादाच्या आणि माझ्या वडिलांकडच्या खुणा एकसारख्या होत्या, आईकडच्या वेगळ्या. आता दादाच्या पेशी माझ्या अंगात पहारा करणार आणि कॅन्सरच्या पेशींवरच्या त्या वेगळ्या खुणा बघून त्यांना मारणार. वर्षभर तसं झालंही. आईनं गावभर पेढे वाटले.

मग तो परत आला. बाईंनी पुन्हा कागद घेतला. कॅन्सरच्या पेशी वाढताना त्यांच्या जनुकांत चुका होत राहतात. अशाच एका चुकीत एका पेशीवरच्या आईकडच्या खुणा गळून पडल्या. उरल्या त्या दादासारख्याच. दादाच्या पेशींनी तिला आपली समजून सोडून दिलं आणि तिचाच वंश वाढला. बाई पुढेही बरंच बोलल्या, पण माझं लक्ष उडालं होतं. एकदा त्या सगळ्यातून गेलो होतो, आता पुन्हा नको, असं ठरवून मी घरी आलो. आई देवापाशी बसून राहिली. दादानं तर आपलंच रक्त कमी पडलं असं मनाला लावून जेवण सोडलं.

काकी आली, अंगणातलं गवत उपटलं, मग बसली. माझ्या तोंडावर मास्क, म्हणून ती चार हात लांबच. "काय झाला ते नीट सांग," म्हणाली. मी कागदावरचं सगळं तिला सांगितलं.

"हे तं माज्या शेतातला झाला," ती म्हणाली. "आदी चोरट्याचा बूड लाल असायचा. लांबून दिसायचा. मी दरसाल लाल तेवढा उपटला. एखादा हिरव्या बुडाचा निपजला, तो मना दिसला नाय. त्याचाच बी पडला. आता समदा हिरवा. दोन सालं झाली, मना पण वळखू येत नाय."

ज्या बाईनं अख्ख्या गावाच्या सुनांना डोळ्यांवरून बोल लावले, तिला चोरटा ओळखू येत नव्हता आणि तिनं ते कोणाला कळू दिलं नव्हतं.

"म्हणजे तो हुशार झाला?" मी विचारलं.

"कसला हुशार! त्याला कोनी शिकवला नाय. मना दिसला तो मेला, नाय दिसला तो ऱ्हायला."

"मग तू काय केलंस?"

"भात बदलला. औंदा जांभल्या बुडाचा पेरलाय. आता जो हिरवा, तो चोरटा." मग ती दाराशी उभ्या दादाकडे वळली. "तुजा रगत वाईट नाय, पोरा. माजा जुना भात पन चांगलाच होता. जा, जेव."

दादा आत गेला आणि खरोखरच जेवला. मला मात्र डॉक्टरीणबाईंचं ते अर्धवट ऐकलेलं बोलणं आठवलं. त्या सुमीबद्दल, आमच्या धाकट्या बहिणीबद्दल बोलत होत्या. तिच्या आणि माझ्या आईकडच्या खुणा सारख्या, वडिलांकडच्या वेगळ्या. कॅन्सरच्या अंगावर आता वडिलांकडच्याच उरलेल्या, म्हणजे सुमीच्या पेशींना तो दिसेल. मी फोन लावून हे सगळं बाईंना परत सांगितलं. "हमी नाही," त्या म्हणाल्या, "पण बरोबर समजलात. कोणी समजावलं?" मी म्हटलं, "आमच्याकडे बेणणीला येतात, त्यांनी."

सुमीच्या पेशी घेतल्या; ते दिवस कसे गेले ते सांगत बसत नाही. रिपोर्ट चांगला आला तेव्हा पेढे वाटायची हिंमत आईला झाली नाही. काकीला सांगितलं, तर म्हणाली, "दिसत नाय म्हंजे नाय असा नाय. बघत ऱ्हायचा." दर तीन महिन्यांनी रक्त तपासताना बाईही मला हेच सांगतात, फक्त जास्त शब्दांत. घरी आलो की काकी माझ्यापुढे बुडं छाटलेली दोन रोपं टाकायची. "वळख." मी हटकून चुकायचो, आणि ती खूश व्हायची. "म्हंजे फुडल्या साली परत शिकाया यावा लागंल तुला."

चार वर्षं असा चुकत राहिलो. गेल्या थंडीत काकी ओसरीवर ऊन खात बसली असताना गेली. स्वतःच्या आजारपणात रडलो नव्हतो एवढा मी त्या दिवशी रडलो.

यंदा बाईंची परवानगी काढून, हातमोजे घालून, तिच्या शेतात बेणणीला उतरलो. "सायब, भात ठेवा थोडा!" म्हणून बायका हसल्या. तिच्या सुनेनं जांभळ्या बुडाचाच भात लावला होता. मी एका रोपाच्या बुडाशी बोटं लावून वाकून पाहिलं. हिरवं होतं. उपटलं, शेजारच्या जांभळ्या बुडाशी धरून पाहिलं, आणि पहिल्यांदाच माझं बरोबर निघालं.

मी ते हातात धरून मागे वळलो, काकीला दाखवायला.