गाडी खाली कोण नेणार

बोट पाण्यात सोडायची ती वर, पुलापाशी. बाहेर काढायची ती खाली, बंद पडलेल्या लाकूडगिरणीपाशी. तेवढ्या वेळात घाटरस्त्याने व्हॅन कुणीतरी खाली आणायची असते. आमच्या कयाक क्लबात ते ‘कुणीतरी’ म्हणजे गुन्वोर.

गुन्वोर दुधाचा टँकर चालवते. भर हिवाळ्यात, बर्फासाठी चाकांना साखळ्या बांधून, एकटी. टँकर चालवते म्हणून क्लबाची व्हॅनही तिनेच चालवायची, हे कधी ठरलं ते कुणालाच सांगता येणार नाही. उलटलेली बोट कंबरेच्या एका झटक्यात सरळ करायला क्लबातली निम्मी माणसं तिच्याकडून शिकली. पण नदीची वरची, फेसाळत्या पाण्याची घळ तिने पाहिली ती फक्त व्हॅनच्या काचेतून. आम्ही ओलेचिंब, खिदळत बाहेर यायचो तेव्हा ती काठावर टॉवेल घेऊन उभी असायची.

मी त्याच गिरणीत जन्मभर ओंडके ओढले. ओझं एकाच्याच खांद्यावर राहिलं की बाकीचे त्याला त्याची हौस म्हणायला लागतात.

जूनच्या सहलीची बैठक होती. बर्फ वितळून नदी भरली होती. क्लबाचा प्रमुख तुरगाइर नकाशावर बोट ठेवून म्हणाला, “पहिल्या दिवशी घळ, दुसऱ्या दिवशी खालचं संथ पाणी. व्हॅन गुन्वोर आणेल.”

“नाही आणणार,” गुन्वोर म्हणाली. “यंदा घळीत मी उतरणार.”

“उतर की! दुसऱ्या दिवशी उतर. तेव्हा व्हॅन मी आणतो.”

“संथ पाण्यात माझी आजीसुद्धा उतरेल.”

“अगं, त्या घाटात तुझ्याइतका हात कुणाचा बसलाय?”

“बसेल कसा? स्टिअरिंगला हात लावलाय कधी कुणी?”

आमच्यातल्या स्टाइनारच्या तोंडात तिनेच भाजून आणलेला वाफल होता. “मग आम्हाला कॉफी कोण देणार?” तो म्हणाला. दोघंतिघं हसले. माझं डोकं तडकलं.

“लाज वाटू दे, स्टाइनार,” मी म्हणालो. “गिरणीत जड टोक आम्ही पाळीपाळीने धरायचो. व्हॅनलाही पाळी लावा.”

“लावू. पुढच्या वर्षीपासून,” तुरगाइर म्हणाला. “आता आयत्या वेळी माणूस कुठून आणू? का सहलच रद्द करू?”

“कर,” गुन्वोर म्हणाली.

तिने व्हॅनची किल्ली नकाशावर ठेवली. “मी परवानगी मागत नाहीये, तुरगाइर. पहिल्या दिवशी मी पाण्यात असणार. व्हॅनचं तुम्ही बघा.” आणि ती बोटींच्या शेडकडे निघून गेली.

कुणी मान वर करेना. फेसाळत्या पाण्यात उडी घेणारे हे वाघ, एका किल्लीला घाबरून बसले होते. शेवटी तुरगाइरने ती दोन बोटांत उचलली, मेलेला उंदीर उचलावा तशी.

“हिचा रिव्हर्स कुठे असतो रे?”

कुणालाच माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या व्हॅनमध्ये बसून!

“जा, विचार तिला,” मी म्हणालो.

तो शेडमध्ये गेला. मीही मागोमाग गेलो. गुन्वोर बोटीत डोकं घालून पाय टेकवायच्या पट्ट्या घट्ट करत होती. तिने वर पाहिलं नाही.

“गिअरच्या दांड्याखालची रिंग वर ओढ, मग डावीकडे,” ती म्हणाली. “आणि वळणावर हॉर्न देत जा.”