खालचे वीस मिली

आमच्या रस्त्यावरच्या मोटरसायकल मेकॅनिकला सगळे वकील म्हणत. गाडी आणली की आधी उलटतपासणी. कुठे बंद पडली? चढावर की उतारावर? शेवटचा हात कोणी लावला? लोक बिचकून खरं सांगून टाकत. एकाने तर गाडी ऑफिसला नव्हे, दुसरीकडेच नेली होती, हे मागे बसलेल्या बायकोसमोर कबूल केलं होतं.

मी त्यांना वकीलकाका म्हणायचे, ते मला पदवीधर. साहित्यात एम.ए. करून मी घरी बसले होते. माझी गाडी वडिलांची, बावीस वर्षांची. ती वरचेवर बिघडे, त्यामुळे मी वरचेवर दुकानात. तशीच मैत्री झाली.

काकांचा विश्वास फक्त स्वतःच्या बोटांवर होता. सुट्या भागांचं नवं पाकीट आलं की कोणी आधी फोडलंय का म्हणून ते उजेडात धरून शिवण पाहत. काकू गेल्यापासून घरात ते आणि मुलगी. मुलीने लग्न केलं ते कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपाच्या सुपरवायझरशी. जावई शांत, नीटनेटका, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

"फार गोड बोलतो," काका म्हणायचे.

"मग काय शिव्या द्याव्यात त्याने?"

"दिल्या तर बरं. माणूस कळतो तरी."

त्या वर्षी दुकानात सारख्याच तक्रारीच्या गाड्या येऊ लागल्या. रबरी पाईप फुगून मऊ पडलेले, नाहीतर कडक होऊन तडकलेले. कार्ब्युरेटरच्या वाटीत हिरवट-पांढरा साका. टाकीच्या तळाला गंज. एका आठवड्यात अशा अकरा गाड्या झाल्या. बारावी माझी. तीन आठवडे ती दमट बोळात उभी होती आणि किक मारून मारून माझा पाय सुजला होता.

काकांनी कार्ब्युरेटर खोलून वाटी माझ्यापुढे धरली. पेट्रोलखाली काचेच्या मण्यांसारखे थेंब फिरत होते.

"पाणी," ते म्हणाले. आवाजात वाईट वाटल्याचा सूर नव्हता. खटला सापडला होता.

दुसऱ्या दिवशी ते औषधाच्या दुकानातून बाळाला दूध पाजायची काचेची बाटली घेऊन आले. तिच्यावर दर दहा मिलीला रेघ होती.

"दुकानदार अभिनंदन म्हणाला," ते गंभीरपणे म्हणाले. "मी म्हटलं, अजून काही कळलेलं नाही."

त्यांनी कोपऱ्यावरच्या पंपाचं ताजं पेट्रोल बाटलीत ओतलं, शंभरच्या रेघेपर्यंत. त्यात मोजून वीस मिली पाणी घातलं. झाकण लावलं, हलवलं, बाकावर ठेवलं. दहा मिनिटांत दोन थर झाले. वर पेट्रोल, खाली पाणी. खालचा थर चाळीसच्या रेघेला टेकला होता.

"मी किती घातलं?"

"वीस."

"निघालं किती?"

"चाळीस."

"जादा वीस कुठून आले, पदवीधर? आधीच आत होते."

त्यांनी तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा चाळीस. मी स्वतः रेघा मोजल्या. माझाही विश्वास बसला.

संध्याकाळी जावई पंपावरून घरी जाताना दुकानात डोकावला. काकांनी बाटली पुढे करून हिशेब सांगितला.

"बाबा, ते पाणी नाही," तो म्हणाला. "पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. अल्कोहोल. नियमानेच घालतात, पंपावर पाटी लावलीय."

"मिसळतात ते ठाऊक आहे मला. पण अल्कोहोल पाण्याहून हलकं. ते तळाशी कसं बसेल?"

तो पेट्रोल विकायचा, रसायनशास्त्र नव्हे. "तसंच होतं," एवढंच तो म्हणाला.

तो गेल्यावर काका म्हणाले, "नजर पाहिलीस? बाटलीकडे बघतच नव्हता."

मी पाहिली होती. तो घड्याळाकडे बघत होता. मला तेही संशयास्पद वाटलं.

तक्रार मी लिहिली. पंपाच्या मालकाला एक प्रत, तपासणी कार्यालयाला एक. काका सांगत होते आणि मी भाषा घासत होते. 'पेट्रोलमध्ये पाणी आहे' याऐवजी मी लिहिलं, 'रोज शेकडो माणसं विश्वासाने टाकीचं झाकण उघडतात.' काकांनी ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. मला अभिमान वाटला, हे लपवत नाही.

चौथ्या दिवशी मालकाने चौकशी होईपर्यंत जावयाला घरी बसवलं.

पाचव्या दिवशी मुलगी आली. ती बाकावर बसली नाही.

"मला आधी विचारायचं होतं, बाबा."

"तू त्याचीच बाजू घेतली असतीस."

"घेतलीच असती. पोटातल्या बाळाच्या बापाची बाजू घेऊ नको तर कोणाची घेऊ?" मग ती माझ्याकडे वळली. "पत्र छान लिहिलंयस हं. त्यांच्या मालकाने सगळ्यांसमोर वाचून दाखवलं."

काकांना बाळाची बातमी अशी कळली. तिने यापुढे घरी येऊ नका म्हणून सांगितलं आणि निघून गेली.

तपासणी कार्यालयातून एक बाई पंपावर आल्या; तक्रारदार म्हणून आम्हालाही बोलावलं. त्यांनी जमिनीखालच्या टाकीत लांब पट्टी सोडली, नमुने घेतले, घनता मोजली. पंप स्वच्छ निघाला. काकांच्या बाटलीचं कोडं त्यांनी उभ्या उभ्या सोडवलं. अल्कोहोलला पेट्रोलपेक्षा पाण्याची ओढ जास्त. पाणी दिसलं की ते पेट्रोल सोडून पाण्यात जातं आणि खालचा थर वाढतो. माझी गाडी दमट जागी पडून होती. जुन्या झाकणातून ओल आत गेली आणि टाकीतलं अल्कोहोल तिला घेऊन तळाशी बसलं. जुन्या गाड्यांचं रबर या मिश्रणासाठी बनवलेलंच नव्हतं.

"बाईंना काय जातंय सांगायला," काका परतताना म्हणाले. "मालकाच्या केबिनमध्ये बसून सरबत प्यायल्या."

पण ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्या दुकानातून त्यांनी शुद्ध अल्कोहोल आणलं. पेट्रोल पाण्याने धुऊन त्यातलं आधीचं अल्कोहोल काढून टाकलं. वरचं पेट्रोल वेगळं करून ऐंशी मिली घेतलं. त्यात स्वतःच्या हाताने वीस मिली अल्कोहोल घातलं. मग वीस मिली पाणी. हलवलं. ठेवलं.

आम्ही दोघंही वाकून बसलो. थर झाले. खालचा चाळीसला.

काकांनी रेघा पुन्हा मोजल्या. मग म्हणाले, "इथे तर दुसरं कोणी नव्हतं."

त्या दुपारी ते मुलीच्या घरी गेले. मी सोबत होते. दाराबाहेर जावयाच्या चपला होत्या. मुलीने साखळी न काढता सांगितलं, ते घरी नाहीत. काकांनी चपलांकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. "माझं चुकलं, एवढं सांग त्याला," ते म्हणाले. पंपावर जाऊन मालकासमोर, गाड्यांच्या रांगेसमोर, तेच म्हणाले. मी दुसरं पत्र लिहिलं. चार ओळींचं. कोणी वाचून दाखवलं की नाही, कळलं नाही.

जावयाला परत कामावर घेतलं. तरी लोक त्याच्या हाताकडे टक लावून बघत, असं ऐकलं.

महिन्याने एका रविवारी तो स्वतःची मोटरसायकल ढकलत दुकानात आला.

"ती म्हणाली, इथेच न्या," तो म्हणाला. "मी थांबतो, वकीलसाहेब."

"बसा ना."

"उभाच बरा."

काकांनी फडकं अंथरलं. एकेक भाग काढून ते ओळीने मांडत गेले. जावई डोक्यावर उभा.

"ही रबरी रिंग खराब कशावरून?"

काकांनी जुनी आणि नवी शेजारी ठेवली. जुनी फुगून दीडपट झाली होती.

"पाईप कुठला घालताय?"

"मिश्रणाला टिकणारा. पाकीट तुम्हीच फोडा."

जावयाने पाकीट उजेडात धरलं, शिवण पाहिली आणि मगच फोडलं. मला हसू येईल असं वाटलं. आलं नाही.

"तिची तब्येत कशी आहे?" काकांनी स्क्रू पिळता पिळता विचारलं.

"गाडीचं बोला."

काम झालं. जुने भाग जावयाने कागदात गुंडाळून मागून घेतले.

"पुढच्या रविवारी आणा, गळती बघू," काका म्हणाले.

"गळती असेल?"

"नसेल. तरी आणा."

"बघतो."

तो खाली वाकला, नव्या पाईपच्या सांध्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट नाकाशी नेऊन हुंगलं. मगच किक मारली.