व्हय म्हाराजा, मास्क वर घ्या!

सरकारी रजिस्टरात ताप लिहायला रकाना असतो, खोकला लिहायला असतो, शेवटी 'शेरा' म्हणून एक उभा रकानाही असतो. पण माणसांचा येडेपणा लिहायला रकाना कुणी आखलेला नाही. मग तो जातो कुठे? नर्सच्या डोक्यात! बत्तीस वर्षं गोव्यात, पेडणे तालुक्यात नोकरी केली मी. आधीच्या तीस वर्षांत साचलं नसेल तेवढं कोरोनाच्या दोन वर्षांत साचलं. आता रिटायर झालेय, तर थोडं रिकामं करते.

गावाचं नाव सांगत नाही. सगळे जिवंत आहेत आणि बाजारात भेटतात. चोपड्याहून फार लांब नाही, एवढं पुरे. आमचं उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि मी. अधूनमधून डॉक्टर मॅडम यायच्या, त्यांची गाडी पास्कू चालवायचा. मदतीला अंगणवाडीची शर्मिला.

ही शर्मिला तेव्हा तिसऱ्यांदा गरोदर होती. आधीची दोन पोटातच गेलेली. नवरा बोटीवर, कुठल्या तरी समुद्रात अडकलेला. खोटं कशाला सांगू, मला अख्ख्या गावाची काळजी होती, पण रात्री उठून बसायचे ती हिच्यासाठी. ह्या पोरीला आणि तिच्या पोटातल्या जिवाला हे दुखणं लागता कामा नये, बस! अडचण होती तिच्या घराची. सासरे म्हणजे आमचे भाऊ, देवस्थान समितीचे अध्यक्ष. गावातलं प्रत्येक लग्न, प्रत्येक भांडण त्यांच्या ओसरीवरूनच जायचं.

*

सुरुवातीला मॅडमनी शाळेत सभा घेतली. कोपऱ्यात एक अगरबत्ती लावली आणि पाच मिनिटांनी विचारलं, "मागच्या बाकावर वास आला?"

"आला!"

"विषाणूचंही असंच. आजारी माणसाच्या श्वासातून बाहेर पडतो, दिसत नाही, पण हवेत राहतो. खोकला, शिंक, मोठ्याने बोलणं, म्हणजे आणखी जास्त. म्हणून नाक आणि तोंड दोन्ही झाका, गर्दी टाळा, हात धुवा."

मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, इतकं सोपं सांगितलं. मग भाऊ आभार मानायला उठले. "मॅडमनी आपले डोळे उघडले. तेव्हा अध्यक्ष या नात्याने मी जाहीर करतो, आजपासून गावात कोणीही अगरबत्ती लावायची नाही!"

मॅडम गाडीत बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "पास्कू, माझं काही चुकलं का?"

"उदाहरण दिवंक नाका, मॅडम," पास्कू म्हणाला. "आमच्या गांवांत उदाहरणूच लक्षांत रवता!"

दोन दिवस देवळात अगरबत्ती लागली नाही. गर्दी होती तेवढीच होती.

*

मग हद्दी बंद झाल्या. भाऊंनी गावाच्या तोंडावर बांबू आडवा बांधला आणि फळा लावला, 'बाहेरच्यांना प्रवेश बंद'. आमचा पाववाला पोदेर शेजारच्या गावचा, तीस वर्षं आम्हाला पाव घालतो. त्यालाही सोडेनात. बिचारा पलीकडून पोंय पोंय भोंगा वाजवायचा आणि पावाच्या पिशव्या बांबूला टांगून जायचा.

तिसऱ्या दिवशी शर्मिलाचं बीपी बघायला गेले, तर ओसरीवर एक अनोळखी माणूस आंबा चोखत बसलेला. भाऊंचा मेहुणा! हद्दीपलीकडच्या आरोंद्याहून होडीत बसून खाडी ओलांडून आलेला.

"भाऊ, बाहेरच्यांना बंदी ना?"

"हा बाहेरचा कसा? हा आमचा!"

"अहो, पण खोकतोय तो!"

"तो लहानपणापासून खोकतो."

मी त्याला तिथल्या तिथे गाडीत घालून टेस्टला नेला. रिपोर्टसाठी मी लॅबला दहा फोन केले. निगेटिव्ह आला. भाऊ छाती काढून म्हणाले, "मी सांगितलं नव्हतं? आपली माणसं कधी पॉझिटिव्ह नसतात!"

*

वाफेचं खूळ आलं तेव्हाची गोष्ट. वाफेने विषाणू मरत नाही, तोंड भाजतं, हे सांगून सांगून माझाच घसा बसला. वरच्या वाडीवर गेले तर अंगणात एक घोंगडी डुगडुगत होती. खाली चार सख्खे भाऊ, मध्ये भाताच्या मोठ्या पातेल्यात उकळतं पाणी!

"अरे, एकाच्या तोंडातलं दुसऱ्याच्या नाकात जातंय! काय चाललंय काय?"

घोंगडीखालून थोरल्याचा आवाज आला, "डिस्टन्स पाळलाय नर्सबाय, बघा! पाय चार दिशांना आहेत!"

एकाला सर्दी होती. रविवारपर्यंत चौघांना झाली.

*

आता गाऱ्हाणं. आमच्याकडे काहीही करायचं तर आधी देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एक जण मागणं मागतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणून ओरडतात. साथ घालवण्यासाठी गाऱ्हाणं घालायचं ठरलं. मी नको म्हणाले, कोण ऐकतो? मग निदान लांब उभे राहा म्हणून देवळापुढे चुन्याची वर्तुळं काढली. कंबर मोडली माझी.

सकाळी बघते तर प्रत्येक वर्तुळात शिस्तीत एकेक चपलांचा जोड! आणि चपलांचे मालक? सगळे वडाच्या सावलीत, खांद्याला खांदा लावून. "ऊन लागतं, नर्सबाय. जागा धरून ठेवलीय!"

भाऊंनी पुढे होऊन मास्क गळ्यात ओढला. मी खुणावलं, तर म्हणाले, "देवापुढे तोंड झाकून बोलू? त्याला वाटेल, हे काहीतरी लपवतायत." आणि सुरू झाले, "बा देवा म्हाराजा, ही जी काय साथ इली हा..."

"व्हय म्हाराजा!"

"...ती गावच्या शिवेभायर घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

एकेकाच्या थुंकीचे तुषार उन्हात दिसत होते हो! मला राहवेना. मी मागून जिवाच्या आकांताने ओरडले, "अरे, मास्क वर घ्या रे!"

"व्हय म्हाराजा!"

एकानेही घेतला नाही.

*

त्यानंतर आठवडाही झाला नसेल. दुपारी भाऊंच्या बायकोचा, म्हणजे काकींचा, फोन आला. रडत होत्या. "नर्सबाय, धावा! तेंका कायतरी झाला!"

"ताप आहे?"

"नाय गे."

"दम लागतोय?"

"नाय. आज हुमणाक नाव ठेवल्यानी नाय!"

भाऊंच्या घरी आमटी, म्हणजे हुमण, रोजच चुकायचं. मीठ कमी, खोबरं जाड, तिरफळं जास्त. लग्नाला चाळीस वर्षं झाली, नाव ठेवण्यात एक दिवस खंड पडला नव्हता. त्या दिवशी काकींच्या हातून आमटी करपली, अख्ख्या वाडीत वास गेला, आणि भाऊ निमूट दोन वेळा भात मागून जेवले!

मी फोनवरच कपाळाला हात लावला. वास गेला, चव गेली. स्वॅब घ्यायच्या आधीच मला रिपोर्ट कळला होता.

*

भाऊ पॉझिटिव्ह. काकी आणि शर्मिला निगेटिव्ह, पण आजच्यापुरत्या. शर्मिलाला आठवा सरत आलेला. मी म्हटलं, "भाऊ, सेंटरला चला."

"अध्यक्ष माणूस हॉलमध्ये ओळीने झोपणार?"

"मग घरात वेगळी खोली पाहिजे. दहा दिवस कोणी जवळ यायचं नाही."

"वेगळी खोली आणू कुठून? पुढे ओसरी, मध्ये देवघर, माळ्यावर भात. मी आपला देवघरासमोर पडतो." घराला दरवाजे आठ, आणि आजारी माणसाला खोली नाही! मी चिडले, ओरडले, शेवटी हात जोडले. भाऊ ढिम्म.

अंगणातून शर्मिला म्हणाली, "नर्सबाय, खोली आहे. या."

तिने मला मागच्या दारी नेलं. न्हाणीला लागून एक लहान खोली. चटई, एक ताट, एक तांब्या. "ही आमची. महिन्याचे चार दिवस. कोणाला शिवायचं नाही, ताट वेगळं, पाणी लांबून. सगळी सोय आहे."

भाऊ मागून आले, दारातून वाकून बघितलं. "इकडे मी कधी आलोच नव्हतो," म्हणाले. पण आता नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? गेले आत.

काकींना आयसोलेशन शिकवावं लागलं नाही. ताट उंबऱ्यावर ठेवायचं, तीन पावलं मागे सरायचं, उष्टं ताट निराळं धुवायचं. आमच्या परिपत्रकातसुद्धा इतकं चोख लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. ऑक्सिजन बरा होता. म्हटलं, "भाऊ, खिडकी उघडी ठेवा, हवा खेळती पाहिजे."

"खिडकीच नाही!" भाऊ उसळले. "नर्सबाय, ह्या खोलीत माणूस रवतलो कसो?"

पलीकडून, अंगणातून, काकींचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "माणूस खंय रवत होतो? आमी रवत होतंव."

भाऊंनी फोन ठेवला.

*

दहा दिवसांनी भाऊ बाहेर आले. शर्मिलाला काही झालं नाही. पुन्हा टेस्ट केली, पुन्हा निगेटिव्ह. पुढच्या महिन्यात तिला मुलगी झाली. ते रडणं मी फोनवर ऐकलं आणि इकडे मीही रडले. पास्कूने पेढे मागितले, मी जिलबी दिली.

बारशाला पाचच माणसं, सगळी मास्कमध्ये. भाऊंचासुद्धा नाकावर! मला बघताच म्हणाले, "चला, तुम्हाला एक गंमत दाखवतो." मला थेट मागच्या दारी घेऊन गेले. त्या खोलीच्या भिंतीत नवी कोरी खिडकी. हिरवा रंग, लोखंडी गज.

"गवंडी लावून काढून घेतली," भाऊ म्हणाले. "दहा दिवस काढलेत मी, मला ठाऊक आहे. आता आमच्या घरच्या बायकांना घुसमट होणार नाही. हिला नाही, सुनेला नाही, आणि उद्या नातीलासुद्धा नाही!"

नात बारा दिवसांची! मी तोंड उघडणार, तेवढ्यात शर्मिला पोरीला खांद्यावर घेऊन आली. तिने कडी काढली आणि दार ढकललं. दार अर्धंच उघडलं. आत जमिनीपासून खिडकीच्या कडेपर्यंत नारळ. आठवड्यापूर्वी माडांवरून उतरवलेले, सगळेच्या सगळे.

"हे इथे कोणी भरले?" भाऊंनी विचारलं.

"आईंनी. मी सांगितलं तसे," शर्मिला म्हणाली. "खिडकी बरी काढलीत, भाऊ. नारळांना वारा लागतो."