हेमलताबाईंचं डबकं

दिल्लीच्या मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत हेमलताबाईंचा राग ज्याने पाहिला नाही असा माणूस सापडायचा नाही. शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. बेडूक कापायच्या तासाला त्यांनी सुरी हेडमास्तरांच्या टेबलावर आपटली होती म्हणे. "कापल्यावर उरतं ते मढं! मुलांना जिवंत बेडूक दाखवायचाय!" मी खेड्यातल्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेला, पण मला हे ऐकताक्षणी पटलं. कोंबडी अंडं कसं घालते हे बघायला आमच्या गावी कुणी कोंबडी कापली नव्हती.

निवृत्तीनंतर बागेच्या कोपऱ्यातल्या पडक्या हौदात त्यांनी डबकं जमवलं. वर्षं गेली त्यात. आधी शेवाळ, वेली, गोगलगायी. मग आपसूक चतुर आले, मग बेडूक. पोरांना कठड्यावर बसवून विचारायच्या, "यातला कोण कुणाच्या जिवावर जगतो?" पोरं बोटं दाखवून दमायची.

एका भाद्रपदात बाई बहिणीकडे नागपूरला गेल्या. यमुनेत विसर्जनाला बंदी, म्हणून आमच्या गणेश मंडळाच्या दिनकररावांनी, म्हणजे सरकारी खात्यातल्या निवृत्त सेक्शन ऑफिसरांनी, ठरवलं की शाडूचा गणपती आपल्याच हौदात बोळवायचा. आणि देव काय घाणीत बुडवायचा? हौद खरवडला, ब्लीचिंग पावडरने धुतला, नवं पाणी भरलं. लख्ख तळ दिसायला लागला.

बाई परतल्या त्या अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी. बॅग खांद्यावरच होती. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

"हे कुणी केलं?"

"ताई, बिल्कुल साफ करून घेतलं," दिनकरराव खुशीत म्हणाले. "फक्त हे मच्छर कुठून आले, समजत नाही यार."

"यार म्हणू नका मला! अळ्या खाणारेच तुम्ही फेकून दिलेत."

"अच्छा, मग काय काय होतं ते सांगा ना. मासे, बेडूक, वेली, सगळं मागवतो. होतं तसं ठेवून देऊ."

बाईंचा आवाज तिसऱ्या मजल्यावर पोचला. "दिनकरराव, तुमच्या मंडळातली सगळी माणसं मी आज हाकलली आणि तेवढीच नवी आणून बसवली, तर उद्या उत्सव होईल? कुणाचं कुणाशी पटतं, मोदक कुणाच्या हातचे, भांडण कोण मिटवतं, हे कुठल्या दुकानात मिळतं हो?"

दिनकरराव हौदाच्या लख्ख तळाकडे बघायला लागले.

"गाळ कुठे टाकलात?"

"खत म्हणून वाटला... ज्याच्या त्याच्या कुंडीत."

झालं! बाईंनी बादली उचलली आणि दारोदार निघाल्या. "या चिखलात बिया आहेत, अंडी आहेत. द्या माझा चिखल!" दिनकररावांच्या मोगऱ्याची कुंडी तर त्यांनी उलटीच केली. दुसरी बादली माझ्या हातात होती. तेव्हाचा दिनकररावांचा चेहरा आठवला की मी आजही जेवताना दोन घास जास्त खातो.

हौद रिकामा करून धुतला, गाळ परत घातला. गणपती प्लास्टिकच्या टबात बोळवला. बाई हौदाशी पहारा देत उभ्या. हातांनी टाळ्या, तोंडाने शिव्या.

महिनोन्‌महिने पाणी मेल्यासारखं पडून होतं. बाई कुणाशी धड बोलत नव्हत्या. मग एका सकाळी दिनकरराव धावत आले. "ताई, चतुर आला! कठड्यावर बसलाय!"

बाई पळत गेल्या, वाकून बघत राहिल्या. डोळे पाणावले असावेत.

"छान झालं," दिनकरराव मागून म्हणाले. "आता वरचं ते हिरवं तेवढं काढून टाकू या का?"

बाईंनी पायातली चप्पल हातात घेतली.